थंड हवेची झडती

इंग्लंड आणि वेल्समध्ये ज्याच्या ताब्यात १२ किलोवॅटपेक्षा जास्त क्षमतेची वातानुकूलन यंत्रणा आहे, त्याला दर पाच वर्षांच्या आत तिची तपासणी करून घ्यावी लागते. ही तपासणी सुरक्षिततेची नाही, हवेच्या शुद्धतेची नाही, गॅसच्या गळतीचीही नाही. एवढाच थंडावा याहून कमी विजेत मिळाला असता का, हा एकच प्रश्न तिथे विचारला जातो आणि त्याचे उत्तर लेखी अहवालात मिळते. अहवालात सुचवलेली एकही सुधारणा मालकाने केली नाही, तरी कायदा त्याला काही म्हणत नाही. तपासणी करून घेणे सक्तीचे, तिचे ऐकणे ऐच्छिक! या चमत्कारिक कायद्याबद्दल हे पुस्तक आहे.

त्यासाठी मराठीत पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. एक कारण व्यवहारातले आहे. पुण्या-मुंबईतल्या अनेक अभियंत्यांची रोजची भाकरी परदेशी इमारतींच्या आराखड्यांवर चालते. डक्टची मापे इथे निघतात आणि यंत्र चढते ते मँचेस्टरच्या किंवा बर्मिंगहॅमच्या एखाद्या छतावर. तिथला कायदा त्यांना तुकड्यातुकड्यांनी माहीत असतो. तो सलग सांगण्याचा हा प्रयत्न आहे. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे असा कायदा नाही आणि थंड हवेची गरज मात्र आपल्याला इंग्लंडच्या कितीतरी पट आहे. एका देशाने पंधरा वर्षांहून जास्त काळ चालवून पाहिलेला प्रयोग, त्याच्या फसलेल्या भागासकट, आपल्याला आयता अभ्यासायला मिळतो आहे. तो न अभ्यासता आपण उद्या असाच कायदा केला, तर त्यांच्याच चुका आपण नव्याने करू.

मूळ ब्रिटनचे नाही, ब्रसेल्सचे आहे. इमारतींच्या ऊर्जावापराबद्दलचा युरोपियन संघाचा पहिला मोठा निर्देश १६ डिसेंबर २००२ चा. घरे, कार्यालये, दुकाने मिळून संघातल्या ऊर्जेचा ४० टक्क्यांहून जास्त वाटा खातात, हे त्याच्या प्रास्ताविकातच म्हटले होते. त्यातले आठवे कलम बॉयलरचे आणि नववे वातानुकूलनाचे. थंडीच्या मुलखातल्या कायद्यात बॉयलर आधी येणार हे ओघानेच आले. वातानुकूलनाचा वेगळा विचार झाला तो दक्षिण युरोपामुळे. तिथे एसींची संख्या वाढत चालली होती आणि विजेच्या मागणीची टोके सांभाळणे जड जात होते. म्हणजे स्पेन-इटलीच्या उन्हाळ्यासाठी लिहिलेले कलम लंडनच्या ढगाळ आकाशाखाली लागू झाले. ब्रिटिशांनी ते फारसे मनावर घेतले नाही, याचे एक कारण मला इथेच दिसते. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंश तापमान नोंदवले गेले आणि ब्रिटनच्या इतिहासात प्रथमच पारा चाळिशीपलीकडे गेला. थंड हवेचा प्रश्न आपलाही आहे, हे तिथल्या सर्वसामान्य माणसाला कदाचित त्या दिवशी पटले असेल. कलम मात्र त्याच्या वीस वर्षे आधीचे होते.

सदस्य देशांना ४ जानेवारी २००६ पर्यंतची मुदत होती, पण पुरेसे पात्र तपासनीस नसतील तर आणखी तीन वर्षे मिळणार होती. ब्रिटनने ती सवलत घेतली. इंग्लंड-वेल्सचे नियम २००७ साली आले. २५० किलोवॅटपेक्षा मोठ्या यंत्रणांची पहिली तपासणी ४ जानेवारी २००९ पर्यंत आणि १२ किलोवॅटच्या वरच्या बाकी सगळ्यांची ४ जानेवारी २०११ पर्यंत व्हायची होती. १ जानेवारी २००८ पासून पुढे सुरू झालेल्या यंत्रणांना सुरू झाल्यापासून पाच वर्षे मिळाली. ६ एप्रिल २०१२ पासून प्रत्येक अहवाल केंद्रीय नोंदवहीत दाखल करणे सक्तीचे झाले. त्याआधीचे अहवाल कोणाच्या कपाटात पडले होते ते त्या कपाटालाच ठाऊक. त्याच वर्षी सगळे नियम एकत्र करून नव्याने काढले गेले आणि जानेवारी २०१३ पासून ते लागू आहेत. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. या पुस्तकात त्यांच्या वाटेला गेलेलो नाही.

आता तो १२ किलोवॅटचा आकडा. इथे बहुतेकांची पहिली गल्लत होते, आणि ती भारतीय वाचकाचीच होते असे नाही. हे १२ किलोवॅट विजेचे नाहीत, थंडाव्याचे आहेत. यंत्र खोलीतून जेवढी उष्णता बाहेर काढू शकते तेवढी त्याची क्षमता. आपल्याकडे ती टनांत मोजतात, आणि एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. म्हणजे कायद्याची सीमा अदमासे ३.४ टनांवर येते. दीड टनाचे तीन स्प्लिट एसी लावले की ती ओलांडली. 'व्यावसायिक वातानुकूलन' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर मॉल, पंचतारांकित हॉटेल, चिलर आणि कूलिंग टॉवर येतो. हा कायदा त्यांच्याबरोबर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानालाही गाठतो. तीन यंत्रे सुटी सुटी आहेत, एकेक १२ च्या आत आहे, ही सबब चालत नाही. एका इमारतीत एकाच्या ताब्यात असलेल्या सगळ्या यंत्रांची बेरीज धरली जाते. लंडन-लेस्टरच्या भारतीय दुकानदारांपैकी कितीजणांनी आपल्या भिंतीवरच्या तीन डब्यांची बेरीज करून पाहिली असेल, याबद्दल मला दाट शंका आहे.

'ताब्यात' या शब्दावर कायद्याने बराच भर दिला आहे. रिमोट ज्याच्या हातात तो ताबेदार नव्हे. यंत्रणेचा तांत्रिक कारभार ज्याच्या अखत्यारीत आहे, म्हणजे ती कशी चालावी, दुरुस्ती कोणी करावी, कोणते यंत्र बदलावे हे जो ठरवतो, त्याच्यावर जबाबदारी येते. एका इमारतीत मालकाची मध्यवर्ती यंत्रणा आणि वर भाडेकरूने स्वतः लावलेले दोन-चार स्प्लिट असले, की दोघांची जबाबदारी वेगवेगळी. इमारत हातची गेली आणि नव्या ताबेदाराला जुना अहवाल मिळाला नाही, तर त्याने तीन महिन्यांच्या आत स्वतः तपासणी करून घ्यायची. ब्रिटनमध्ये व्यापारी जागेचा व्यवहार होताना वकील जे ठरावीक प्रश्न विचारतात, त्यांत वातानुकूलनाच्या अहवालाबद्दलही विचारणा असते. पुष्कळ मालकांना या कायद्याचा पत्ता लागतो तो तिथे, म्हणजे खुर्ची खाली करताना.

तपासनीस नेमके काय करतो, हा या पुस्तकाचा गाभा आहे. त्याच्या हातात असते 'टीएम ४४' हे मार्गदर्शक. ब्रिटनच्या इमारत-सेवा अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे सिब्सीने, ते २००७ मध्ये काढले आणि पुढे सुधारले. तिथल्या धंद्यात तपासणीलाच 'टीएम ४४' म्हणतात. तपासनीस मान्यताप्राप्त योजनेचा सभासद असावा लागतो. साध्या, सुट्या यंत्रांसाठी तिसऱ्या पातळीची पात्रता पुरते. चिलर, एअर हँडलिंग युनिट, डक्टचे जाळे असलेल्या इमारतींना चौथ्या पातळीचा माणूस लागतो.

तो आला की पहिल्यांदा कागद मागतो. यंत्रांची यादी, त्यांची क्षमता, बसवल्याचे वर्ष, देखभालीच्या नोंदी, कंट्रोलच्या वेळा. इथेच अर्धी तपासणी होऊन जाते, कारण बहुतेक ठिकाणी यादी नसते. असते ती पाच वर्षांपूर्वीची, आणि त्यानंतर दोन यंत्रे बदललेली असतात. ज्याला आपल्याकडे काय आहे हेच माहीत नाही तो वीज कशी वाचवणार? मला विचाराल तर या कायद्याने दुसरे काहीच साधले नसते, निव्वळ प्रत्येक इमारतीत अद्ययावत यादी तयार झाली असती, तरी तो वाया गेला नसता.

मग तो छतावर जातो. बाहेरच्या युनिटची कॉइल धुळीने, पानांनी, कबुतरांच्या पिसांनी भरली आहे का? दोन युनिटे एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून ठेवली आहेत का, म्हणजे एकाने फेकलेली गरम हवा दुसरे ओढून घेते आहे का? पाइपवरचे आवरण फाटले आहे का? हे सगळे बघायला मोठे शास्त्र लागत नाही, पण त्यामागचे शास्त्र कठोर आहे. उष्णता बाहेर टाकायला जितकी अडचण, तितके कंडेन्सरचे तापमान वर चढते, आणि त्याच्या प्रत्येक वाढत्या अंशामागे कॉम्प्रेसरची कार्यक्षमता साधारण दोन ते तीन टक्क्यांनी घसरते. कॉइल मळून तापमान पाच-सहा अंशांनी चढले, तर दहा-पंधरा टक्के वीज नुसत्या धुळीवर खर्च होते. खोली मात्र थंडच राहते. कोणी तक्रार करत नाही, म्हणून कोणी वर जात नाही.

वातानुकूलनाच्या उधळपट्टीचा स्वभावच असा आहे. गळका नळ दिसतो, जुनी मोटार धूर सोडते, पण उधळ्या एसीखाली बसलेल्या माणसाला गारच वाटते. यंत्र बंद पडले की दहा मिनिटांत फोन जातो. ते दुप्पट वीज खात असेल तर बिल महिन्याने येते, तेही सगळ्या इमारतीचे एकत्र, आणि ते भरणारा लेखा विभाग छतावर कधी गेलेला नसतो. या तपासणीला मी 'झडती' म्हणतो ते यासाठी. इथे कोणी फिर्याद घेऊन येत नाही. आत शिरून शोधल्याशिवाय मुद्देमाल सापडत नाही.

सर्वांत मोठा मुद्देमाल बहुधा कंट्रोलमध्ये निघतो. ब्रिटिश कार्यालयांची खास व्याधी म्हणजे एकाच वेळी गरम आणि थंड करणे. खिडकीखालचा रेडिएटर हवा तापवत असतो आणि छतातली कॅसेट तीच हवा थंड करत असते. दोन्ही यंत्रणा आपापल्या थर्मोस्टॅटचे इमानेइतबारे ऐकत असतात. म्हणून तिथे साधारण सल्ला असा असतो की हीटिंग १९ अंशांना थांबावे आणि कूलिंग २४ च्या आधी सुरू होऊ नये. मधला पाच अंशांचा पट्टा मोकळा राहिला तर दोघांची गाठच पडत नाही. तपासनीस हा पट्टा प्रत्यक्षात किती ठेवला आहे ते पाहतो. टाइमर पाहतो. कार्यालय सहाला सुटते आणि यंत्रणा नऊपर्यंत चालते, कारण कधीतरी एका बैठकीसाठी वेळ वाढवली आणि मग ती कोणी मागे घेतली नाही, असे प्रकार तिथेही सर्रास सापडतात. घड्याळ मागेपुढे करण्याच्या ब्रिटिश पद्धतीमुळे आणखी एक गंमत होते: इमारतीतले माणसांचे घड्याळ बदलते, यंत्राचे राहून जाते. सेन्सर कुठे लावला आहे तेही तो बघतो. फोटोकॉपी यंत्राच्या डोक्यावर थर्मोस्टॅट असेल तर सगळा मजला त्या यंत्राच्या घामाची किंमत मोजतो.

यातल्या बऱ्याच दुरुस्त्यांना पैसे लागत नाहीत, पाच मिनिटे आणि एक शहाणा माणूस लागतो. काहींना थोडा खर्च आहे, उदाहरणार्थ पंख्याच्या मोटारीला वेग बदलणारा ड्राइव्ह बसवणे. पंख्याची वीज वेगाच्या घनाने बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळजवळ निम्म्यावर येते. पूर्ण वेगाने पंखा चालवून पुढे डँपर अर्धा बंद ठेवण्याची पद्धत ज्या प्लँटमध्ये आहे, तिथे हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

अहवालात आणखी एक गोष्ट यावी लागते: इमारतीच्या गरजेच्या मानाने यंत्रणा केवढी आहे. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण हा रोग आपल्याकडेही घरोघरी आहे. 'शंभर चौरस फुटांना एक टन' हा आपला ठोकताळा. काच किती, छत तापते किती, माणसे किती, दिवे कोणते, हे न विचारता टन ठरतात, आणि वर 'असू दे थोडा जास्त' म्हणून अर्धा टन चढतो. ब्रिटनमध्येही सल्लागार, कंत्राटदार आणि विक्रेता असे तिघे आपापल्या सुरक्षिततेसाठी थोडे थोडे वाढवत नेतात. एकाच वेगाचे मोठे यंत्र छोट्या खोलीवर लावले की ते चटकन थंड करते, बंद होते, पुन्हा सुरू होते. कॉम्प्रेसर झिजतो, वीज जास्त जाते आणि हवेतला दमटपणा नीट निघत नाही, कारण कॉइलवर पाणी गोळा होऊन वाहून जाण्याइतका वेळच ते चालत नाही. शिवाय ज्या काळात खोली भरगच्च होती, दिवे नळीचे होते आणि प्रत्येक टेबलावर जाडजूड मॉनिटर होता, त्या काळच्या हिशेबाने बसवलेली यंत्रणा आज एलईडी आणि निम्म्या रिकाम्या खुर्च्यांवर चालते आहे. यंत्र बदलायची वेळ येते तेव्हा जुन्याची पाटी वाचून तेवढ्याच टनाचे नवे मागवले जाते. त्याच क्षणी कोणाच्या तरी हातात टीएम ४४ चा अहवाल असावा, एवढी एक गोष्ट घडली तरी पाच वर्षांच्या तपासणीचा खर्च निघतो.

देखभालीचे कंत्राट आणि ही तपासणी एकच समजण्याची चूक तिथेही होते. आपल्या भाषेत एएमसी. सर्व्हिसचा माणूस फिल्टर धुतो, कॉइलवर पाण्याचा फवारा मारतो, गॅस पाहतो, आणि यंत्र चालू करून जातो. चालते आहे की नाही हा त्याचा प्रश्न. एवढे मोठे यंत्र इथे हवेच कशाला, हे विचारणे त्याच्या कामात बसत नाही आणि पुष्कळदा त्याच्या हिताचेही नसते. अहवाल स्वतंत्रपणे दिला पाहिजे ही कायद्याची अट म्हणूनच महत्त्वाची आहे. गॅसगळतीची तपासणी हा तर वेगळ्याच कायद्याचा भाग आहे. तरी कोणता गॅस आहे ही नोंद टीएम ४४ मध्ये होते, आणि एका काळात ती फार उपयोगी पडली. युरोपात १ जानेवारी २०१० पासून नवा आर-२२ आणि १ जानेवारी २०१५ पासून पुनर्वापराचा आर-२२ सुद्धा भरण्यावर बंदी आली. आपले यंत्र आता दुरुस्त करण्यापेक्षा बदलण्याच्या लायकीचे झाले आहे, हे काही मालकांना प्रथम समजले ते या अहवालातून.

इथवर कायद्याची बाजू घेतली. आता त्याची दुखरी जागा. अहवाल नसल्याचा दंड ३०० पौंड, मागितल्यावर सादर न केल्याचा आणखी २०० पौंड. मोठ्या इमारतीच्या तपासणीची फी याहून सहज जास्त होते. म्हणजे हिशेबी माणसाला दंड भरणे परवडते, आणि दंड करायला कोणी येईल याची खात्रीही नाही. अंमलबजावणी स्थानिक परिषदांच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स खात्याकडे आहे. आपल्या वैधमापन खात्यासारखे ते खाते. वजनमापे, बनावट माल, अल्पवयीनांना सिगारेट विकणारे दुकानदार यांच्या मागे लागलेला अधिकारी एखाद्या कार्यालयाच्या छतावरचा एसी विचारायला कधी जाणार? इमारतीच्या ऊर्जा-प्रमाणपत्राचे तसे नाही. ते जागा विकताना, भाड्याने देताना लागते, म्हणून बाजारच ते मागतो. वातानुकूलनाचा अहवाल पाच वर्षांच्या कॅलेंडरवर टांगलेला आहे आणि त्या तारखेला कोणाचेच काही अडत नाही. पालन कमी असल्याची ओरड तिथे सुरुवातीपासून आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने इमारतींच्या ऊर्जा-नियमांत सुधारणा सुचवणारा मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यात या अहवालांचाही विषय घेतला.

खुद्द युरोप दुसऱ्या वाटेने गेला. २०१८ च्या सुधारित निर्देशाने तपासणीची सीमा १२ वरून ७० किलोवॅटवर नेली आणि २९० किलोवॅटच्या वरच्या बिगरनिवासी इमारतींना २०२५ पर्यंत स्वयंचलित देखरेख-यंत्रणा बसवायला सांगितली. माणूस पाच वर्षांनी एकदा येऊन पाहणार, त्यापेक्षा मीटर दर पंधरा मिनिटांनी पाहील, असा तो विचार आहे. त्याच्या मागे अभ्यासही होता. कार्डिफ विद्यापीठाच्या पुढाकाराने युरोपभरच्या यंत्रणांवर आधी तपासणीच्या पद्धतींचा आणि नंतर सततच्या मोजणीचा असे दोन मोठे प्रकल्प झाले. त्यांतून मोजणीचे पारडे जड ठरले. जर्मनीने तपासणी दर दहा वर्षांनी ठेवली होती. ब्रिटन २०२० मध्ये संघातून बाहेर पडला आणि इंग्लंड-वेल्समध्ये जुनेच १२ किलोवॅट आणि पाच वर्षे कायम राहिली. माझे मत विचाराल तर मोठ्या इमारतींबाबत युरोपचे बरोबर आहे आणि लहान जागांबाबत ब्रिटनचे. मोठ्या प्लँटला मीटर हवा. पण तीन स्प्लिटच्या दुकानात मीटर कोणी वाचणार नाही. तिथे पाच वर्षांनी का होईना, डोळस माणूस गेला पाहिजे.

आपल्याकडे काय आहे? बरेच काही आहे, आणि तरी नेमकी ही जागा रिकामी आहे. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आहे, त्याखाली २००२ मध्ये सुरू झालेला ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो आहे. दुकानात एसी घेताना आपण तारे मोजतो ती त्याचीच कृपा. २०२० पासून खोलीच्या एसीचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणे उत्पादकांना बंधनकारक झाले. सेटिंग एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ब्यूरोचा हिशेब आहे. नव्या मोठ्या व्यावसायिक इमारतींसाठी २००७ ची आणि नंतर २०१७ ची संहिता आहे. १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणीपासून ती लागू व्हावी अशी रचना आहे. अति मोठ्या ग्राहकांना ठरावीक मुदतीने ऊर्जा-लेखापरीक्षण करावे लागते. म्हणजे यंत्र दुकानात असताना आपण त्याची परीक्षा घेतो, इमारत कागदावर असताना तिची घेतो. दोघांचे लग्न लागून दहा वर्षे झाल्यावर संसार कसा चालला आहे, हे विचारायला मधल्या आकाराच्या इमारतीत कोणी जात नाही. पाच तारे मिळवलेले यंत्र गरम गच्चीवर, मळलेल्या कॉइलसह, १८ अंशांवर रात्रंदिवस चालू असेल, तर ते तारे फक्त स्टिकरवर उरतात.

सक्तीची तपासणी आपल्याला नवी आहे असेही नाही. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर-तपासणीचा कायदा झाला. सबंध देशाचा १९२३ मध्ये आला. मुंबई इलाख्यात लिफ्टचा कायदा १९३९ चा. जे यंत्र माणूस मारू शकते त्याच्याकडे आपण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच निरीक्षक पाठवले. एसी कोणाला मारत नाही. तो फक्त मे महिन्यात दुपारी तीन वाजता ट्रान्सफॉर्मरवर बसतो, आणि त्याचे परिणाम ज्या वस्तीत भारनियमन होते तिथे दिसतात, एसीखाली दिसत नाहीत.

ब्रिटनचा कायदा उचलून जसाच्या तसा इथे लावावा, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या मार्गदर्शकात हीटिंगला जेवढी जागा आहे तेवढी आपल्याला नको. उलट मुंबई-रत्नागिरी-पणजीच्या दमट हवेत थंडाव्याइतकेच पाणी काढण्याचे काम मोठे आहे, आणि नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात हिशेब पुन्हा वेगळा. कूलिंग टॉवरचे पाणी जड असले की कंडेन्सरच्या नळ्यांत जे पापुद्रे बसतात, तो आपल्या मराठवाड्यातल्या प्लँट ऑपरेटरचा रोजचा विषय आहे. दंड इतका असू नये की लाच स्वस्त पडेल, आणि इतका क्षुल्लकही नको की तोच स्वस्त पडेल. तारखेपेक्षा व्यवहाराला बांधावे: करारमागणी वाढवायची आहे, जागा भाड्याने द्यायची आहे, यंत्र बदलायचे आहे, तर अहवाल दाखवा. माणसांची वानवा नाही. ब्यूरोची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेले ऊर्जा-लेखापरीक्षक राज्यभर आहेत, पुण्याची महाऊर्जा आहे. त्यांना छतावर जाण्याचा अधिकार मात्र कोणी दिलेला नाही.

पुस्तकाची पहिली दोन प्रकरणे कायद्याची आहेत. ज्याला तपासणीच शिकायची आहे त्याने ती सोडून दिली तरी चालेल. तिसरे प्रकरण कागदपत्रांचे, चौथे ते सातवे छतापासून कंट्रोलपर्यंतच्या झडतीचे. शब्द मी धंद्यातलेच वापरले आहेत. कॉम्प्रेसरला कॉम्प्रेसर म्हटले आहे. प्लँट रूममध्ये उभे राहून 'संपीडक कुठे आहे' असे विचारले तर कोणी दाखवणार नाही.

वाचकाला एकच विनंती. पुस्तक हाती घेण्याआधी आपल्या कार्यालयाच्या, दुकानाच्या किंवा रुग्णालयाच्या देखभालप्रमुखाकडे एसींची यादी मागा. चार रकाने पुरेत: किती टन, कोणत्या साली बसवला, कोणता गॅस आहे, टाइमर कोण लावतो. यादी आठवड्यात मिळाली तर चौथ्या प्रकरणापासून वाचा. नाही मिळाली तर तिसऱ्यापासून.